आरव म्हणजे शांत की आरडाओरडा? नावांची पुस्तकं, ॲप आणि फुकटची साधनं यांचं परीक्षण

बाळाच्या नावावरून घरात कितीही रणं माजोत, खरे प्रश्न दोनच असतात. नावाचा अर्थ काय, आणि वर्गात त्याच नावाची आणखी चार पोरं निघणार का? उत्तरं विकणारे बाजारात तिघे आहेत: रस्त्याकडेच्या पुस्तकवाल्याची पुस्तिका, फोनमधलं ॲप आणि अंकशास्त्री. त्यांच्याखेरीज दोन-तीन फुकटची साधनं आहेत, आणि त्यांचा वापर मुख्यतः भाषेचे अभ्यासक करतात. पाळण्याच्या दोरीइतकीच ती आईबापांच्याही उपयोगाची आहेत.

आधी पुस्तिका. पन्नास ते दीडशे रुपयांत मिळते, मुखपृष्ठावर गोरं गुटगुटीत बाळ, आत अकारविल्हे नावं आणि समोर एका शब्दात अर्थ. हिची जमेची बाजू म्हणजे नावं मुळात देवनागरीत जुळवलेली असतात, त्यामुळे ण-न, ळ-ल, ह्रस्व-दीर्घ बहुतेक ठिकाणी शाबूत राहतं. दोष म्हणजे भरताड. 'हजारो नावे' हा आकडा गाठायला सहस्रनामं जशीच्या तशी ओतलेली असतात. भूतभृत्, क्षेत्रज्ञ ही विष्णूची नावं आहेत हे खरं, पण शाळेच्या पटावर ती कुणी घालणार नाही. मागच्या पानांवर नक्षत्रांची अक्षरं दिलेली असतात, त्यासाठी पुस्तिका घरात असलेली बरी.

ॲपचं दुखणं वेगळं आहे. बहुतेकांचा मूळ साठा रोमन लिपीत असतो आणि मराठी आवृत्ती म्हणजे त्याचं यंत्राने केलेलं देवनागरीकरण. रोमनमध्ये त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ एकच. आखूड अ आणि लांब आ यांचाही तिथे भरवसा नाही. परत येताना यंत्र अंदाज बांधतं. म्हणून 'अर्णव'चा 'अरनव' होतो, 'मृणाल' आणि 'मृणाळ' यांत कुठलं कुठून आलं ते कळत नाही. 'ऋ'चं तर पार भरीत. आपण 'रु' म्हणतो, हिंदी पट्टा 'रि' म्हणतो, शिवाय रोमनमध्ये काहीजण आधी 'एच' लावतात, त्यामुळे ऋतुजा कधी 'र'मध्ये सापडते, कधी 'ह'मध्ये, कधी सापडतच नाही. ज्ञानदा शोधायची तर 'डी' आणि 'जी' अशा दोन्ही अक्षरांखाली बघावं लागतं.

अर्थाच्या रकान्यात मात्र यंत्राचा नाही, माणसाचाच हात दिसतो. 'आरव' घ्या. २००२ साली अक्षय कुमारच्या घरी हे नाव ठेवलं गेलं आणि पुढच्या दोन दशकांत घरोघरी पोचलं. ॲपमध्ये अर्थ सहसा 'शांत' असा दिसतो. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज, आणि 'आरव' म्हणजे ओरडणं, गलका, गडगडाट. शांत हवं असेल तर 'अरव' हवं, आखूड अ, नकारार्थी: ज्यात आवाज नाही ते. एका काना-मात्रेने अर्थ उलटा. गंमत अशी की तान्ह्या बाळाला 'आरव' जितकं शोभतं तितकं 'अरव' शोभणार नाही, तेव्हा नाव आवडलं असेल तर खुशाल ठेवा. आमंत्रणपत्रिकेवर अर्थ तेवढा छापू नका.

'अनय'चंही तेच. मराठी घरांत हे नाव बऱ्यापैकी आहे. नय म्हणजे नीती, वागण्याची रीत. अनय म्हणजे तिचा अभाव: गैरवर्तन, अनीती, दुर्दैव. याद्यांमध्ये मात्र ते नुसतं देवाचं नाव म्हणून दिलेलं असतं. विष्णुसहस्रनामात 'नयोऽनयः' असं ते आहेही, पण तिथे अर्थ निराळा लावतात: ज्याला कुणी नेता नाही तो. एक ठोकताळा लक्षात ठेवा. अर्थाच्या रकान्यात 'देवाचे एक नाव' असं मोघम लिहिलंय आणि कुठल्या स्तोत्रात, कुठल्या ग्रंथात ते सांगितलेलं नाही, तर समजावं की अर्थ सापडला नव्हता.

नव्या नावांपैकी 'रेयांश' सगळ्यांत बोलकं. याचा अर्थ 'प्रकाशाचा किरण' किंवा 'विष्णूचा अंश' असा मिळतो. शेवटचा 'अंश' म्हणजे भाग, हे बरोबर. शिवांश, देवांश, वेदांश नीट संधी होऊन बनतात. पण 'रे' हा संस्कृतात हाक मारायचा शब्द आहे, आपल्या 'अरे'सारखा. धन या अर्थी 'रै' आहे, पण रै आणि अंश यांचा संधी 'रायंश' होतो, रेयांश नाही. किरण आला कुठून? दोन शक्यता दिसतात: 'अंशु' म्हणजे किरण याच्याशी झालेली गल्लत (हिमांशू, सुधांशूमधला अंशु तो हाच), नाहीतर 'रे' हा सरळ इंग्रजीतला किरण. मग असं नाव तयारच का झालं? त्याचं मोठं कारण नावरस, म्हणजे जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्यावरून ठरणारं नावाचं अक्षर, ते पुढे.

कोशात नाही ते सगळंच खोटं, असंही नाही. 'अद्विक' आणि 'अद्विका' जुन्या कोशांत शोधून मिळणार नाहीत. पण द्विक म्हणजे जोडी, दुक्कल, हा शब्द आहे. त्याला अ लावला तर 'ज्याला जोड नाही' असा अर्थ व्याकरणात बसतो. नाव नवं आहे पण बनावट नाही. रेयांश आणि अद्विक यांतला हा फरक एकाही ॲपला दाखवता येत नाही.

पडद्यावरून आलेल्या नावांचं कुळ शोधायला कोश उघडूच नये. 'कियारा' इटालियन क्यारावरून धरलं तर उजळ, स्वच्छ. आयरिश कियारावरून धरलं तर काळसर. म्हणून एका यादीत 'तेजस्वी' आणि दुसरीत 'काळ्या केसांची' असे अर्थ सुखाने नांदतात. 'मायरा' हे नाव फुल्क ग्रेव्हिल या एलिझाबेथकालीन इंग्रज कवीने आपल्या कवितांसाठी घडवलेलं आहे. राजस्थानात मायरा म्हणजे भाचराच्या लग्नात मामाकडून येणारा आहेर. 'शनाया'बद्दल एवढंच की २०१६ पासून झी मराठीवर रोज रात्री जिने दुसऱ्याचा संसार मोडायला घेतला होता ती घरातल्या आजीला अजून आठवते. परकं मूळ हा काही गुन्हा नव्हे. 'मिहिर' हा इराणी मिथ्रवरून संस्कृतात आला आणि वराहमिहिराच्या नावात जाऊन बसला, दीड हजार वर्षं झाली. शहाजी आणि शरीफजी या भावांची नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, अशी परंपरा आहे.

आता नावरस. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, मिळून १०८ अक्षरं. स्वातीला रू, रे, रो, ता. जन्म स्वातीच्या दुसऱ्या चरणावर असेल तर 'रे'. मुलीसाठी रेवती, रेणुका, रेवा आहेत, मुलासाठी हाताशी जवळजवळ काहीच नाही. रेयांशला गिऱ्हाईक मिळालं ते इथे. चमत्कारिक नावांचा फार मोठा कारखाना हा असा अक्षराच्या टंचाईवर चालतो. आर्द्रेच्या कु, घ, ङ, छमधला ङ, हस्ताच्या पू, ष, ण, ठमधला ण आणि उत्तराभाद्रपदेच्या दू, थ, झ, ञमधला ञ यांनी शब्द सुरूच होत नाहीत. जुन्या ज्योतिषात त्यावर तोडगा आहे: ङ, ञ, ण यांच्याऐवजी अनुक्रमे ग, ज, ड घ्यावेत. ॲपमध्ये तो नसतो. तिथे रिकामी यादी येते, किंवा 'ण'खाली 'न'ची नावं भरलेली असतात. पूर्वाषाढेच्या चौथ्या चरणाला 'ढा' आहे. मराठी शाळेत ढ अक्षराचं नाव घेऊन बसणाऱ्या पोराची काळजी कुठल्याच पंचांगाने वाहिलेली नाही.

यातली खरी सुटका मात्र परंपरेतच आहे आणि ती विकायला कुणी बसलेलं नाही. नामकरणविधीत नावं चार प्रकारची सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यवहारनाम. अक्षराचा नियम नाक्षत्रनामाला आहे. बारशाला ते कानात सांगितलं, पत्रिकेत लिहिलं की काम झालं. शाळेत घालायचं नाव अगदी वेगळ्या अक्षराचं ठेवायला वाट मोकळी आहे.

दोन ॲपनी दोन वेगळी अक्षरं दिली तर घाबरायचं नाही, कारण शोधायचं. एक चरण ३ अंश २० कलांचा. चंद्राला तो ओलांडायला त्याच्या गतीप्रमाणे साधारण सव्वापाच ते पावणेसात तास लागतात. म्हणजे जन्मवेळ पाच मिनिटांनी चुकली तर अक्षर फक्त सीमेवर बदलेल. मोठी चूक दोन ठिकाणी होते. ॲप पंचांगाच्या निरयन गणिताऐवजी पाश्चात्त्य ज्योतिषातलं सायन गणित वापरत असेल तर सुमारे २४ अंशांचा फरक पडतो आणि पावणेदोन नक्षत्रं सरकतात. दुसरी चूक परदेशातल्या जन्माची. न्यू जर्सीतली स्थानिक वेळ टाकली आणि ॲपने ती भारतीय धरली, तर उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा घोळ, म्हणजे दीड-दोन चरण. वेळक्षेत्र निवडायची सोय नसेल ते ॲप परदेशातल्या नातवंडांच्या आजी-आजोबांनी काढून टाकावं.

अर्थ तपासायला सर्वांत विश्वासाचं साधन जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाचं संकेतस्थळ. मोनियर-विल्यम्स यांचा १८९९चा आणि वामन शिवराम आपटे यांचा १८९०चा, असे दोन्ही संस्कृत कोश तिथे फुकट शोधता येतात. दिसायला रुक्ष, अर्थ इंग्रजीत, पण अचूक. वापरताना लोक तीन ठिकाणी अडतात. पहिलं, टंकलेखनाची पद्धत. हार्वर्ड-क्योटो ही संस्कृत रोमन अक्षरांत लिहायची पद्धत निवडली असेल तर लहान 'ए' म्हणजे अ आणि कॅपिटल 'ए' म्हणजे आ. 'झेड' म्हणजे श आणि कॅपिटल 'एस' म्हणजे ष. सगळं लहान अक्षरांत टाकलं की 'आरव'ऐवजी 'अरव' शोधलं जातं आणि शांत हा अर्थ खरा वाटू लागतो. देवनागरीत लिहायचा पर्याय असेल तर तोच घ्यावा. दुसरं, कोशात प्रथमेचं रूप नसतं, मूळ शब्द असतो: विवस्वान नाही, विवस्वत्, हनुमान नाही, हनुमत्. स्त्रीलिंगी नाव पुल्लिंगी शब्दाखाली बघावं. अनघा शोधायची तर अनघ, तन्वी शोधायची तर तनु. तिसरं, सामासिक नाव अख्खं टाकू नये. मृण्मयी सापडली नाही तर मृद् आणि मय वेगळे बघा: मातीची बनलेली. मूळ अर्थ असा साधा निघाला की काहींचा हिरमोड होतो. त्याला कोश काय करणार?

देशी नावांसाठी मोल्सवर्थचा मराठी कोश, १८५७ची दुसरी आवृत्ती, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या पानावर आहेत आणि थेट देवनागरीत शोधता येतात. अडचण जुन्या शुद्धलेखनाची. १९६२च्या नियमांनी गेलेले अनुच्चारित अनुस्वार तिथे अजून जागेवर आहेत. मोल्सवर्थमध्ये 'नाव' टाकलंत तर होडी मिळते. नाव हवं असेल तर 'नांव' टाकावं लागतं. शब्द सापडला नाही की आधी अनुस्वार देऊन पाहा.

दगडू, धोंडू, केरू ही नावं पुस्तिकांतून आणि ॲपमधून साफ गायब आहेत. आधीची मुलं दगावली की दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम टाकाऊ वस्तूचं नाव ठेवत, त्या रीतीची ही खूण. 'नकोशी' मात्र रीत नव्हे, राग होता. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची ही नावं समारंभ करून बदलण्यात आली.

आता दुसरा प्रश्न: किती जणांना? इथे आपल्याकडची सगळी साधनं नापास. भारतात जन्मनोंदणीतून नावांची वार्षिक यादी निघत नाही. ॲपमधला 'या वर्षीची लोकप्रिय १००' म्हणजे फार तर त्या ॲपवर किती बोटं टेकली याचा हिशोब. मतदारयादी चाळणारे हुशार लोक भेटतात, पण तिथे अठरा वर्षांवरचीच माणसं असतात. ती दोन दशकांपूर्वीची फॅशन सांगते. त्यापेक्षा सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या चित्रकला स्पर्धेचा छोटा गट आणि जवळच्या बालवाडीचा पट, एवढं बघितलं तरी तुमच्या भागापुरतं उत्तर मिळतं.

मोजदाद कशी असावी ते बघायचं तर अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी प्रशासनाची सेवा बघावी. १९९७ साली तिथल्या मायकल शॅकलफर्ड या विमागणितज्ञाने ही आकडेवारी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. १९५४ ते १९९८ या काळात १९६० वगळता दरवर्षी मायकल हेच मुलांचं पहिल्या क्रमांकाचं नाव होतं, तेव्हा या माणसाला विषय शोधायला लांब जावं लागलं नसणार. पानावर पहिली १००० नावं दिसतात. भारतीय नावांसाठी ती यादी पुरत नाही; खाली अख्खी झिप फाइल मिळते ती उतरवून घ्यावी. प्रत्येक जन्मवर्षाची एक साधी मजकूर फाइल, प्रत्येक ओळीत नाव, लिंग, संख्या. १८८०च्या फाइलची पहिली ओळ: मेरी, स्त्री, ७०६५. अलीकडच्या एका वर्षाच्या ओळी तीसेक हजार. एक्सेलमध्ये उघडून स्वल्पविरामावर स्तंभ पाडले की झालं.

वाचताना चार गोष्टी सांभाळाव्यात. पाचपेक्षा कमी बाळांचं नाव गोपनीयतेसाठी गाळलेलं असतं, म्हणून 'यादीत नाही' म्हणजे शून्य ते चार. 'जगात एकमेव' नव्हे. राज्यवार फाइलींत हीच गाळणी प्रत्येक राज्याला स्वतंत्र लागते, त्यामुळे राज्यांची बेरीज देशाच्या आकड्यापेक्षा कमी भरते. प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजलं जातं. एका 'ए'चा अरव आणि दोन 'ए'चा आरव यांची बेरीज आपणच करायची. आणि १९३७च्या आधी जन्मलेल्या अनेकांनी कधी सोशल सिक्युरिटीचं कार्डच काढलं नाही, तेव्हा जुने आकडे अपुरे आहेत.

विचित्र नाव कुठून येतं हे या फाइलींत तारखेनिशी दिसतं. 'नेवाएह' हे इंग्रजीत स्वर्ग या शब्दाची अक्षरं उलटी लावून केलेलं नाव. १९९९ मध्ये देशभरात फक्त आठ मुली. २००० साली एका रॉक गायकाने एमटीव्हीवर आपली मुलगी दाखवली, तिचं नाव हेच. २००५ मध्ये नाव मुलींत ७०वं. 'खलीसी' तर नावही नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स' या टीव्ही मालिकेसाठी रचलेल्या भाषेतली ती पदवी आहे, आणि २०१४ मध्ये ती पहिल्या हजारात होती. त्याच मालिकेतल्या आर्यामुळे आपल्या लोकांची पंचाईत झाली. अमेरिकेतल्या आकड्यात मराठी घरातली आर्या कोण आणि मालिकेतली कोण हे वेगळं काढता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात आर्या ठेवताना शिक्षिका ते बरोबर वाचतील हा फायदा, 'मालिका आवडते वाटतं?' हा कायमचा प्रश्न हा तोटा. इंग्लंड-वेल्सची अशीच यादी त्यांचं सांख्यिकी कार्यालय काढतं. तिथे गाळणी तीनच्या खाली आहे, म्हणून दुर्मीळ नावांना ती अधिक बरी.

अंकशास्त्र्याच्या सेवेला थोडक्यात निपटवू. रोमन अक्षरांना कोष्टकातले अंक देऊन बेरीज केली तर आरवचं दोन 'ए'वालं स्पेलिंग पायथागोरसच्या कोष्टकाने ७ येतं, खाल्डियनने २. एक 'ए' काढला तर ६ आणि १. कुठलं कोष्टक वापरलं ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि विचारल्यावर देण्याची गरज राहत नाही. जादा अक्षराचा खरा खर्च पुढे असतो: आधारवर नाव जन्मभरात दोनदाच बदलता येतं.

म्हणून शेवटची तपासणी नोंदणीच्या वेळी. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा, पण नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा ठेवायला १९६९च्या कायद्याची मुभा आहे. १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. दवाखान्यात घाईने काहीतरी सांगण्यापेक्षा कोरा रकाना परवडला, कारण एकदा भरलेलं नाव 'आता आवडत नाही' म्हणून बदलत नाही. कलम १५ फक्त चुकीच्या नोंदींच्या दुरुस्तीसाठी आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पारपत्र, वाहन परवाना यांसाठी जन्मतारखेचा पुरावा हा एकच दाखला. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. चारही शब्दांचं स्पेलिंग आईवडिलांच्या कागदांशी जुळवून एका चिठ्ठीवर आधी लिहून न्यावं, देवनागरी वर, रोमन खाली. खिडकीवर तोंडी सांगितलेल्या 'मृणाळ'चा ळ क्वचितच पलीकडे पोचतो.